अकीक शोधायला कधी जावं?

प्रश्न: आम्ही पोर्टलंडजवळ राहतो, अमेरिकेतल्या या ओरेगॉन राज्याच्या बीचवर अकीक (अ‍ॅगेट, उजेड आरपार जाणारा रंगीत दगड) मिळतात म्हणे, पण कधी जायचं आणि जास्पर नावाच्या दुसऱ्या रंगीत दगडापासून वेगळा ओळखायचा कसा?

उत्तर: हिवाळ्यात जा, वादळ होऊन गेल्यावर. लाटा वाळू ओढून नेतात आणि खालची खडी उघडी पडते, मग ओहोटीला सूर्याकडे तोंड करून सावकाश चालायचं, ओल्या खडीत अकीक आतून पेटल्यासारखा मधाळ दिसतो. जास्परमधून उजेड जात नाही, तो लाल, पिवळा किंवा हिरवा, गच्च. दोन्ही सिलिकाच, म्हणजे गारगोटीच्याच जातीचे. आपल्या दख्खनच्या बेसॉल्टमध्येही अकीक असाच, लाव्हातल्या बुडबुड्यांच्या पोकळीत साचत जातो.

समुद्राकडे पाठ मात्र अजिबात करू नका, तिथे अचानक मोठी लाट येते आणि ओंडकेसुद्धा उचलते, मुलं सोबत असतील तर फारच जपा. आणि माणशी दिवसाला एक गॅलन (सुमारे पावणेचार लिटरचं भांडं भरून), वर्षाला तीन गॅलन, एवढेच दगड नेता येतात.