त्या बायका मूर्ख नव्हत्या

प्रश्न : माझ्या सोळा वर्षांच्या मुलीने मोबाईलवर बायकांचे खून करणाऱ्या महानंद नाईकची हकीकत पाहिली आणि म्हणाली, "आई, अशा माणसाबरोबर त्या गेल्याच कशा? मूर्खच होत्या." मला उत्तर सुचलं नाही. तिला काय सांगू?
— एक वाचक, डिचोली

उत्तर : ताई, गोव्यात फोंड्याला मी बावीस वर्षं शिवणाचा वर्ग चालवला. महानंद इथल्याच शिरोड्याचा, तरवळे गावचा. रिक्षा चालवायचा. 2009 च्या एप्रिलमध्ये त्याला अटक झाली आणि 1994 पासूनच्या सोळा बायकांच्या खुनांचा आरोप त्याच्यावर आला. पंधरा वर्षं!

त्याने निवडलेल्या बायका बहुतेक गरीब घरच्या आणि लग्नाचं वय उलटत चाललेल्या. हुंडा नको, मी लग्न करतो, असं तो सांगायचा. येताना अंगावर दागिने घालून ये म्हणायचा. मग निर्जन जागी त्यांच्याच ओढणीने गळा आवळायचा आणि सोनं सोनाराकडे विकायचा. आता तुमच्या मुलीला विचारा : वडिलांकडे हुंड्याला पैसा नाही, धाकट्या बहिणीचं लग्न तुझ्यापायी अडलंय, शेजारीण रोज "काय गं, कुठे जमलं का?" विचारते, आणि एक माणूस म्हणतो, काहीच नको, फक्त तू ये. त्या माणसावर विश्वास ठेवणं म्हणजे मूर्खपणा का? माझ्या वर्गात अशा मुली होत्या. नव्या ब्लाऊजची बाही पाच वेळा उसवून नीट बसवायच्या. हाताने हुशार, समजूतदार.

मला जास्त छळतं ते पुढचं. मुलगी घरी आली नाही की लोक म्हणायचे, "पळून गेली असेल." आईबाप लाजेने गप्प बसायचे. कोणी पोलिसांत गेलंच तर बेपत्ता म्हणून एक नोंद व्हायची, आणि रानात सापडलेल्या अनोळखी मृतदेहाची नोंद दुसरीकडे. दोन्ही कागद शेजारी ठेवायला कोणी नव्हतं. महानंदने नेमका याचाच फायदा घेतला.

हे मी कोणाकडे बोट दाखवून सांगत नाही. माझ्याही वर्गातली एक मुलगी अर्धा शिवलेला परकर टाकून अचानक यायची थांबली. सगळ्यांसारखी मीही "पळाली" म्हणाले आणि तिची जागा दुसरीला दिली. 2009 मध्ये बातम्या आल्या तेव्हा जुनं हजेरीपुस्तक काढून मी तिचा पत्ता शोधत गेले. ती वास्कोत नवऱ्याबरोबर सुखरूप होती. दारातच मला रडू कोसळलं. नऊ वर्षांत मी एकदाही चौकशी केली नव्हती.

आरोप सोळा खुनांचे होते, तरी पुराव्याअभावी बऱ्याच खटल्यांत तो सुटला. दोन खुनांत जन्मठेप झाली. इतक्या वर्षांनंतर हाडं, दागिने, साक्षीदार कुठून आणणार? वेळेवर तक्रार झाली असती, तर कदाचित दुसऱ्या-तिसऱ्या खुनानंतरच तो सापडला असता.

तेव्हा मुलीला एवढं मात्र नक्की सांगा. माणूस हरवला तर चोवीस तास थांबायचा नियम नाही. कुठल्याही पोलीस ठाण्यात तक्रार देता येते. सोबत फोटो न्यावा, अंगावर कुठले कपडे आणि दागिने होते ते लिहून द्यावं, आणि नोंदीची प्रत हातात घेतल्याशिवाय उठू नये.