दाविद आणि गल्याथ सोडून बायबलमधला धाडसी तरुण कोण?

दाविदाची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे, ती तुम्ही प्रश्नातच वगळलीत ते बरं केलंत. माझं उत्तर: येशूचा संदेश गावोगाव पोहोचवणाऱ्या पौलाचा भाचा. बायबलमधलं 'प्रेषितांची कृत्ये' हे पुस्तक, अध्याय 23, वचनं 16 ते 22. उणीपुरी सात वचनं, आणि त्यात पोराचं नावसुद्धा नाही.

प्रसंग यरुशलेमातला. मंदिरात दंगल झाल्यावर रोमी सैन्याने पौलाला गढीत ठेवलंय. इकडे चाळीसहून अधिक जणांनी शपथ वाहिली आहे, पौलाला मारेपर्यंत अन्नपाणी घ्यायचं नाही. 'आणखी चौकशी करायची आहे' असं सांगून मुख्य याजकांनी त्याला बोलावून घ्यायचं आणि वाटेतच यांनी त्याचा काटा काढायचा, असा बेत. हे भाच्याच्या कानावर येतं. कसं, ते या पुस्तकाचा लेखक लूक सांगत नाही.

तो सरळ गढीत जाऊन मामाला सांगतो. एवढ्यावर भागलं असतं, पण पौल शताधिपतीला, म्हणजे शंभर शिपायांवरच्या रोमी अधिकाऱ्याला म्हणतो, ह्याला गढीच्या सरदाराकडे न्या. म्हणजे आता परक्या सत्तेच्या अधिकाऱ्यापुढे आपल्याच लोकांचा कट उघड करायचा. बातमी फुटली तर ते चाळीस जण आधी कुणाला शोधतील?

सरदार त्याचा हात धरून बाजूला नेतो. (यावरून तो अगदी कोवळा असावा असं मला वाटतं. मूळ ग्रीकमध्ये नुसतं 'तरुण' आहे. ख्रिस्ती हुतात्मा स्तेफनाला दगडमार होताना ज्याच्या पायाशी लोकांनी वस्त्रं ठेवली, त्या शौलाला, म्हणजे याच मामाला, तोच शब्द लावलाय!)

मला आवडतं ते त्याचं बोलणं. रडारड नाही, मामाच्या जिवाची भीक नाही. किती माणसं, कसली शपथ, बहाणा कोणता, हे सगळं नेमकं सांगतो आणि वर सल्लाही देतो, त्यांचं ऐकू नका. रोमी सरदाराला!

त्याच रात्री 200 शिपाई, 70 स्वार आणि 200 भालेकरी पौलाला घेऊन रोमी सुभेदार राहायचा त्या कैसरियाच्या वाटेला लागले. चाळीस उपाशी माणसांचं पुढे काय झालं कोण जाणे.

सरदार क्लौद्य लुसियाने सुभेदार फेलिक्साला पत्र लिहिलं, त्यात भाचा कुठेच नाही. पौल रोमी नागरिक आहे हे कळल्यावर आपण त्याला सोडवलं, अशी फुशारकी मात्र आहे. प्रत्यक्षात ते सरदाराला कळलं त्याच्याच हुकमाने पौलाला फटके मारायची तयारी झाल्यावर. पण भाच्यापुरतं मी त्याला माफ करतो. पोराला निरोप देताना त्यानेच बजावलं होतं, मला हे सांगितलंस ते कुणाला कळू देऊ नकोस.