आधी प्रश्न, मग पाठ

अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला परासरणाचा, म्हणजे पेशीच्या पटलातून पाणी आत-बाहेर जाण्याचा, पाठ वाचला. आकृत्या सुरेख आहेत, भाषाही सोपी. पण शेवटी 'समजलं का? हो / नाही' एवढंच विचारून तू मुलांना पुढे सोडतेस, ते मला पटलं नाही. वर्गात आपण मुलांचे चेहरे वाचतो. मूल घरी एकटं शिकत असताना ते काम प्रश्नालाच करावं लागतं. म्हणून आधी प्रश्न ठरव आणि पाठ त्यानंतर लिही.

बटाट्याचाच प्रयोग घे. एक चकती साध्या पाण्यात, दुसरी मिठाच्या दाट पाण्यात. तासाभराने पहिली ताठ असते, दुसरी लुळी पडते. असं होण्याआधीच आपला अंदाज मुलांनी वहीत लिहायचा, नंतर खोडायचा नाही. मग विचार, 'दुसरी चकती मऊ का पडली?' नववीतली बरीच मुलं लिहितील, 'मीठ आत शिरलं म्हणून.' त्यांना 'चूक, पुन्हा वाचा' असं सांगू नकोस. एकदा वाचून जे कळलं नाही, ते तसंच पुन्हा वाचून कसं कळेल? त्यांना दुसऱ्या वाटेने ने. कोशिंबिरीच्या काकडीला मीठ लावून ठेवायला सांग. वाटीत पाणी जमतं ते कुठून आलं? वरून तर कुणी ओतलं नाही! पाणी प्रद्रव्यपटलातून, म्हणजे पेशीभोवतीच्या पातळ पडद्यातून, द्राव्य (विरघळलेला पदार्थ, इथे मीठ) जिकडे जास्त तिकडे गेलं, हे मुलाने स्वतःच्या शब्दांत लिहिलं आणि आकृतीत बाण बरोबर दिशेने काढला, की पुढचा पाठ उघडायचा.

बी.एड.ला शिक्षणतज्ज्ञ बेंजामिन ब्लूम यांचं 1968 सालचं प्रभुत्व अध्ययन तू शिकली असशील. त्याचा गाभा हाच: वेळ ज्याचा त्याचा, पातळी मात्र सगळ्यांनी गाठायची.

भराभर पुढे जाणाऱ्यांना लगेच पुढचा धडा देऊ नकोस, त्यांना तिवर दे. बटाट्याच्या हिशेबाने खाऱ्या चिखलातलं हे झाड सुकायला हवं. मग ते पाणी ओढतं कसं? मुळं बरंचसं मीठ बाहेरच अडवतात, पेशी आपल्यातली द्राव्याची संहती (दाटपणा) चिखलातल्या पाण्यापेक्षा जास्त राखतात आणि तरीही आत आलेलं मीठ पानांवरच्या ग्रंथी बाहेर टाकतात. पाऊस नसताना ऐरोलीच्या बाजूला पानांवर मिठाचे कण दिसतात. 2022 साली रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत, गेलेली ठाण्याची खाडी उशाशी असताना आपल्या मुलांनी अनुकूलनाला फक्त वाळवंटातलं निवडुंग का पाठ करावं?

व्हिडिओ ठेव, पण पाठ त्यावाचून अडता कामा नये. दिघा-कळव्याच्या कितीतरी घरांत फोन एकच असतो आणि तो दिवसभर बाबांबरोबर कामावर जातो. सगळं पाठपोट कागदावर बसव. आणि आठवड्यातून एकदा प्रत्येकाची वही स्वतः बघ. नाहीतर मागे पडलेलं मूल गप्प बसतं आणि आपल्याला परीक्षेतच कळतं.

बाकीचे पाठ सध्या राहू देत. हा एक सुधार, दोन-तीन मुलांना करायला दे आणि शेजारी बस, पण बोलू नकोस. ती जिथे अडतील तिथे खूण कर आणि तो खुणांचा कागद मला पाठव.