‘फोनाचा काम मशीन करता, मग मी कित्याक?’

सध्या धंदेवाल्या घरांमधून माझ्याकडे एकच काळजी फिरून फिरून येते. कोणाचं होमस्टे असतं, कोणाचं काजूचं युनिट, पण प्रश्न तोच, की पोरांनी धंद्यात एआय घातलं, आता जुनी गिऱ्हाईकं तुटणार का, आणि (हे जरा उशिरा, दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत बाहेर येतं) माझं आता काय काम उरलं. मी कणकवलीत समुपदेशन करते. त्यातली एक केस सांगते, घरच्यांना विचारून आणि ओळख पटेल असं सगळं बदलून. आपण त्यांना भाऊ म्हणूया.

भाऊ देवगड बाजूचे आंबा बागायतदार, साठीच्या आसपासचे. पूर्वी सगळा माल वाशीला दलालाकडे जायचा. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये मार्केटचं गणित विस्कटलं तेव्हा कोकणातल्या बऱ्याच जणांनी मुंबई-पुण्याच्या सोसायट्यांमध्ये थेट पेट्या पोचवायला सुरुवात केली, त्यात भाऊ पण होते, आणि सगळा व्यवहार फोनवर. सीझनमध्ये फोन कानालाच. मग मुलगा पुण्याची नोकरी सोडून घरी आला आणि त्याने व्हॉट्सॲपला बॉट, म्हणजे मेसेजला आपोआप उत्तर देणारा प्रोग्रॅम, लावला. दर, बुकिंग, पत्ता, पेमेंट सगळं तोच बघतो. बुकिंग वाढलं, खोटं कशाला बोला. आणि भाऊंची झोप गेली.

पहिल्या दिवशी म्हणाले, "आंबे खपतत, पैसो येता, मग माका होता काय ताच कळना नाय." चिडचिड, जेवण कमी, आणि दुपारी उगाच बागेत जाऊन बसायचं. वहिनींनी हट्ट धरला म्हणून आले, नाहीतर आमच्याकडे बाप्ये समुपदेशनाला येतात कुठे!

माझ्या मते ह्याला ‘एआयची भीती’ म्हणणं चूक आहे. नोकरदार माणसाला रिटायरमेंटची तारीख आधीपासून माहीत असते, निरोप समारंभ होतो, शाल-श्रीफळ मिळतं. भाऊंना एका रविवारी कोणी न सांगता रिटायर केलं, आणि वर पेटी भरणाऱ्या गड्यांसमोर मुलगा बोलून गेला, "बाबा, तुमी फोनार निसत्यो गजाली मारतास." गजाली म्हणजे गप्पा. खरी ठेच तिथे होती.

मुलाला वेगळं भेटले, तर तोही वाईट नव्हता हो. रात्री दीडला नुसता ‘रेट?’ एवढाच मेसेज, उत्तर नाही दिलं तर सकाळी गिऱ्हाईक दुसरीकडे, दिवसभर पुन्हा तेच तेच, पेटीत किती डझन, पार्सल कुठपर्यंत आलं, खरा देवगडच ना. (हा शेवटचा प्रश्न लोक विचारणारच, २०१८ मध्ये हापूसला जीआय, म्हणजे हे नाव ठरावीक भागातल्याच आंब्याला लावायचं असं भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात सिंधुदुर्गासकट कोकणातले पाच जिल्हे आहेत, तरी बाजारात कर्नाटकचा आंबा देवगडच्या नावावर खपवला जातोच.) पोरगा अक्षरशः पिचला होता. त्याला बॉट काढून टाक म्हणणं म्हणजे बापाला बरं करायला मुलाला आजारी पाडणं, ते मी सांगणार नव्हतेच.

मग दोघांना एक काम दिलं. जे थोडे लोक अजून भाऊंनाच फोन करतात, त्यांचा फोन झाला की एका वहीत लिहायचं, समोरच्याने विचारलं काय आणि भाऊंनी त्यापलीकडे काय सांगितलं. लिहायचं मुलाने, म्हणजे त्याला शेजारी बसून ऐकणं आलंच.

वही घेऊन आले तेव्हा मुलगाच जास्त बोलत होता. एका बाईंना पाच डझन हवे होते, भाऊ म्हणाले घरात दोघंच आहात आणि काकांना शुगर, दोन डझन घ्या, उरलेले पुढच्या तोडीचे पाठवतो. एकांकडे लग्न होतं तर त्या तारखेला बरोबर तयार होतील असे कच्चेच पाठवले आणि अढी कशी घालायची, म्हणजे गवतात आंबे पिकत कसे ठेवायचे, ते समजावलं. आणि एक फोन तर आलेलाच नव्हता, तो भाऊंनी स्वतःहून लावला, कारण दरवर्षी वडिलांसाठी पहिली पेटी नेणारा माणूस यंदा गप्प होता. वडील गेले होते. अर्धा तास बोलले, आंब्याचा विषयही निघाला नाही. मुलगा म्हणाला, मॅडम, माझ्या सिस्टीममध्ये तो ‘इनॅक्टिव्ह कस्टमर’ होता.

पण खरं वळण लागलं ते साक्यामुळे. साका बाहेरून दिसत नाही, आंबा वरून देखणा आणि कापला की आत पांढरट, रबरासारखा. एका गिऱ्हाइकाने तक्रार केली आणि बॉटने परस्पर कबूल केलं की एक जरी निघाला तरी पूर्ण पेटी बदलून देऊ. असं कोणी शिकवलं नव्हतं त्याला. मुलगा म्हणे ते ऑटोमॅटिक उत्तर होतं, सॉरी म्हणून सोडून देऊ. भाऊ म्हणाले, "आपल्या नावान शब्द गेलो ना? मग पेटी जातली." आणि गेली.

मी मुलाला एअर कॅनडाची गोष्ट सांगितली. त्यांच्या चॅटबॉटने एका प्रवाशाला घरातल्या मृत्यूनंतर मिळणाऱ्या सवलतीच्या तिकिटाचा नियम चुकीचा सांगितला, आणि कंपनी म्हणायला लागली की बॉटच्या बोलण्याला आम्ही जबाबदार नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये तिथल्या ट्रायब्युनलने ते फेटाळलं, साधारण ८०० कॅनेडियन डॉलर भरायला लावले. भाऊंनी ट्रायब्युनलशिवायच निकाल दिला होता.

इथे एक स्पष्ट बोलते, बऱ्याच जणांना आवडणार नाही. ‘मशीनला माया कुठली, लोकांना माणूसच लागतो’ हे आपण स्वतःच्या समाधानासाठी बोलतो. १९६६ मध्ये एमआयटीच्या जोसेफ वायझेनबॉम यांनी एलायझा नावाचा प्रोग्रॅम आणला, तो समुपदेशकासारखा समोरच्याचंच वाक्य फिरवून प्रश्न विचारायचा, बस एवढंच. तर त्यांच्या सेक्रेटरीने, जिला आत काय आहे ते चांगलं माहीत होतं, तिने त्यांनाच खोलीबाहेर जायला सांगितलं, म्हणे मला ह्याच्याशी बोलायचंय! तेव्हा गोड बोलणं मशीनला जमतं, माझ्या धंद्यातलंसुद्धा. त्याला शब्द देऊन तो पाळता येत नाही, आणि नुकसान झालं तर ते स्वतःच्या खिशातून सोसता येत नाही. भाऊ जे करत होते ते हे. गजाली दिसतात त्या वरवरच्या.

म्हणून वाटणी तशी केली. ज्याचं उत्तर सगळ्यांना सारखंच, ते बॉटकडे, रात्री दीडला पण. ज्याचं उत्तर विचारणारा कोण त्यावर बदलतं, ते भाऊंकडे. तक्रार, पैसे परत, साका, हे शब्द आले की बॉटने पुढे बोलायचं नाही, भाऊंचा नंबर द्यायचा. पहिल्याच ओळीत मी मशीन आहे हे सांगायचं. आणि गेल्या वर्षी ज्यांनी पेटी घेतली पण यंदा मेसेज नाही, त्यांची यादी मुलगा दर सोमवारी बापाला काढून देतो, त्यांना ऑफर पाठवायची नाही, फोन करायचा. ही यादी मशीन चटकन काढून देतं, भाऊंना आधी ते वहीतून शोधायला लागायचं.

झोप पूर्ण सुधारली असं नाही, बीपीची गोळी चालू आहे. गड्यांसमोर बोलल्याबद्दल मुलगा माफी मागेल असं मला वाटलं होतं, त्याने तसं काही केलं नाही, पण हिशोबाच्या वहीत भाऊंच्या नावाने महिन्याचा पगार टाकायला लागला. भाऊ म्हणतात रक्कम कमी आहे, आणि यंदाची भांडणं त्याच्यावरून चाललीयेत.