तो गप्प बसतो आणि मी बोलतच राहते

अगं,

तुझं पत्र दोनदा वाचलं. लग्नाला नऊ वर्षं, मुलगी सहा वर्षांची, आणि तू लिहितेस, "ताई, मी बोलायला लागले की हा फोन उचलतो नाहीतर उठून आतल्या खोलीत जातो, मग मी दाराबाहेर उभी राहून बोलत राहते आणि मुलगी टीव्हीचा आवाज वाढवते." त्या टीव्हीच्या आवाजापाशी मी थांबलेच, पोटात कालवलं अगदी. काउन्सेलरकडे जाऊया म्हटलं की नवरा म्हणतो आपण काय वेडे आहोत का, घरातलं तिऱ्हाईताला कशाला सांगायचं. आणि शेवटी तू विचारलंयस, "निदान तिथलं कुणीतरी त्याला सांगेल ना, की चूक तुझी आहे म्हणून?"

नाही सांगणार. हे आधीच सांगते, कारण ही अपेक्षा घेऊन गेलीस तर दुसऱ्याच सेशनला तुझा हिरमोड होईल, आणि त्याला तर नेमकी हीच भीती आहे की दोघीजणी मिळून मला कोपऱ्यात घेणार. चांगला थेरपिस्ट निकाल देत नाही, तुमच्या दोघांत जे चक्र फिरतंय ते तो बघतो. तू जवळ यायला म्हणून जोरात बोलतेस, तो भांडण वाढू नये म्हणून मागे सरतो, तो सरला की तू आणखी जोरात, तू जोरात की तो आणखी आत. सुरुवात कुणी केली हे शोधत बसलात तर जन्म जाईल.

कॅनडात १९८०च्या दशकात स्यू जॉन्सन आणि लेस्ली ग्रीनबर्ग यांनी जी भावनाकेंद्री कपल थेरपी बांधली तिच्यात याच चक्रावर काम करतात. मागे लागणाऱ्याच्या आत बहुतेक वेळा एक प्रश्न असतो, मी याला हवीये का, आणि पळणाऱ्याच्या आत असतं की मी कितीही केलं तरी कमीच पडणार. वरवर दिसतो तो राग आणि ते मौन, खालचं कुणालाच दिसत नाही.

मी हे ऐकीव सांगत नाहीये. आमच्या लग्नाला चौदा वर्षं झाली होती तेव्हा आम्ही दोघं गेलो होतो. मी तावातावाने बोलत होते आणि थेरपिस्टने मला मध्येच थांबवून हळूच विचारलं, "आत्ता त्यांनी खुर्चीचा हात किती घट्ट धरला, पाहिलंत?" मी पाहिलं नव्हतं. चौदा वर्षांत कधीच पाहिलं नव्हतं. तिने ह्यांना विचारलं की आत्ता आत काय चाललंय, ते बराच वेळ गप्प, मी तोंड उघडणार तेवढ्यात तिने हाताने थांबवलं, आणि मग ते म्हणाले, "मला वाटतं मी काहीही बोललो तरी नापासच होणार." ती म्हणाली, हे मला नका सांगू, यांच्याकडे वळून सांगा. खुर्ची वळवून त्यांनी तेच वाक्य परत म्हटलं आणि मला पुढे बोलताच येईना. इतकी वर्षं मी धरून चालले होते की या माणसाला काही पडलेलीच नाहीये.

जॉन गॉटमन नावाचे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ आहेत, त्यांनी जोडप्यांना भांडणाच्या विषयावर बोलायला बसवून हृदयाचे ठोके मोजले. ते सांगतात की ठोके मिनिटाला शंभरच्या वर गेले की माणसाला समोरच्याचं नीट ऐकू येत नाही, आणि शांत व्हायला निदान वीस मिनिटं लागतात. म्हणजे दाराआडचा तुझा नवरा बेफिकीर असेलच असं नाही, कदाचित आतून पार उधाणलेला असेल. पण म्हणून त्याचं गप्प बसणं बरोबर ठरत नाही हं, मौनानेही माणूस तितकाच जखमी होतो आणि हे त्यालाही तिथे ऐकावं लागेल.

फायदा होतो का? अमेरिकेत अँड्र्यू ख्रिस्टेन्सन आणि नील जेकबसन यांनी १३४ जोडप्यांचा अभ्यास केला, सगळी अगदी टोकाला आलेली, प्रत्येकाला जास्तीत जास्त २६ सेशन. पाच वर्षांनी पाहिलं तर साधारण निम्म्यांचं नातं चांगलंच सुधारलेलं होतं आणि साधारण पाव जोडपी वेगळी झाली होती. जादू नाही, पण दाराबाहेर उभं राहण्यापेक्षा कितीतरी बरं. आणि सगळे वाद मिटतील अशी आशा धरू नकोस, गॉटमन यांच्या अभ्यासात जोडप्यांचे ६९ टक्के वाद कायमचेच निघाले. शिकायचं असतं ते त्याच विषयावर एकमेकांना न ओरबाडता बोलायला.

एक मात्र विचारायलाच हवं. घरात मारहाण, धमक्या किंवा तुला त्याची भीती वाटणं असं काही आहे का? तू लिहिलेलं नाहीस, पण असेल तर एकत्र जाऊ नकोस, तिथे खरं बोललेल्याची शिक्षा घरी मिळू शकते. आधी एकटीने मदत घे.

नसेल, तर भांडण नसताना त्याला म्हण, "तुला सुधारायला नाही, आपण परत परत तिथेच अडकतो त्यातून बाहेर यायला मला मदत हवीये, तीन सेशन येशील का?" तीनच. काउन्सेलर निवडताना जोडप्यांबरोबर काम करायचं वेगळं ट्रेनिंग घेतलंय का हे फोनवरच विचार, एकेकट्याला छान सांभाळणाऱ्या सगळ्यांनाच दोघांना एकत्र सांभाळणं जमतं असं नाही. तो नाहीच म्हणाला तर तू एकटी जा. तू दारापाशी जायची थांबलीस तरी त्या चक्राचा एक पाय निखळतो.

तोवर दोघांत एवढं ठरवा, ज्याला असह्य होईल त्याने "आत्ता नाही, अर्ध्या तासाने" म्हणायचं आणि जो उठून गेला त्यानेच परत येऊन विषय काढायचा. ही दुसरी अट सोडू नकोस, नाहीतर पळायला नवीन वाट मिळेल. सेशनहून घरी येताना मात्र तो विषय रस्त्यात उकरू नका.

आणि आज रात्री मुलीला जवळ घेऊन सांग की आईबाबा भांडतात ते तुझ्यामुळे नाही. एवढ्या लहान मुलांना तसंच वाटत असतं आणि ती कुणाला विचारत नाहीत. पहिलं सेशन झालं की लिही, मी वाट बघतेय.

तुझी ताई