केटी लेडेकी सत्ताविसाव्या वर्षी ऑलिंपिक सुवर्ण जिंकते, मग आपल्या मुली दहावी आली की पोहणं का सोडतात?

कोल्हापूरच्या एका पालकांनी अमेरिकेची जलतरणपटू केटी लेडेकी आणि स्वतःच्या पोहणाऱ्या मुलीबद्दल प्रश्न पाठवलाय, त्यांना हे उत्तर. तुम्ही विचारलंय लेडेकीची कारकीर्द एवढी लांब कशी चालली, पण तुमचा खरा प्रश्न तुमच्या पत्राच्या शेवटच्या दोन ओळींत आहे. तुमची मुलगी तेरा वर्षांची, वर्षभर टायमिंग जागचं हललेलं नाही, आणि घरातली मोठी माणसं म्हणताहेत, "झालं की आता पोहणं, दहावीकडे बघा." मी कोल्हापूरचीच. शाळा-कॉलेजात राज्य पातळीपर्यंत पोहले, आता स्पर्धांना टाइमकीपर म्हणून स्टार्टिंग ब्लॉकमागे (जिथून उडी मारतात त्या चौथऱ्यामागे) उभी असते. हा प्रश्न गॅलरीतून दर वर्षी ऐकू येतो, फक्त पालक बदलतात.

आधी लेडेकीचे आकडे बघू. तिचा हुकमी प्रकार ८०० मीटर फ्रीस्टाइल. लंडन २०१२, वय १५, वेळ ८:१४.६३. रिओ २०१६, वय १९, वेळ ८:०४.७९, विश्वविक्रम, आणि दुसरी आलेली जॅझ कार्लिन ११ सेकंदांहून जास्त मागे. टोकियो (कोरोनामुळे २०२१ मध्ये झालं ते), वय २४, वेळ ८:१२.५७. पॅरिस २०२४, वय २७, वेळ ८:११.०४. चारही वेळा सुवर्ण.

आता नाव आणि पदकं झाकून फक्त वय आणि वेळ आपल्याकडच्या एखाद्या वडिलांना दाखवा. ते काय म्हणतील ते मी आत्ताच सांगते. "पंधराव्या वर्षी ८:१४ होतं आणि चोविसाव्या वर्षी ८:१२? नऊ वर्षं पाण्यात घातली की हो पोरीनं!" एकोणिसाव्या वर्षीचं टायमिंग नंतर दोन ऑलिंपिक तिला जमलं नाही. तरीही मे २०२५ मध्ये, फ्लोरिडातल्या फोर्ट लॉडरडेलला, अठ्ठाविसाव्या वर्षी ती ८:०४.१२ पोहली. स्वतःचाच विक्रम ०.६७ सेकंदानं मोडायला तिला जवळजवळ नऊ वर्षं लागली. विजेत्या जलतरणपटूची कारकीर्द म्हणजे बहुतांशी हीच मधली वर्षं. ती कुणी दाखवत नाही, कारण त्यात बघण्यासारखं काही नसतं. पहाटे उठायचं, पोहायचं, घड्याळाकडे बघायचं, परत तेच.

टोकियोतली एक सकाळ तर मी मुलींना हमखास सांगते. २०० मीटर फ्रीस्टाइलच्या फायनलला लेडेकी पाचवी आली. रिओत याच प्रकारात तिचं सुवर्ण होतं. त्यानंतर तासाभरानं तिला १५०० मीटरसाठी परत ब्लॉकवर चढायचं होतं. ती चढली आणि जिंकली. महिलांची १५०० मीटर ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदाच होत होती. पुरुषांना ती १९०८ पासून आहे. महिलांना ८०० मीटरसुद्धा १९६८ मध्ये मिळाली आणि पुढं अर्धशतकभर गाडी तिथंच थांबली, कारण बायकांना एवढं लांब झेपणार नाही असं धरून चालले होते. लेडेकीनं १५०० चा विश्वविक्रम केला तो २०१३ मध्ये, सोळाव्या वर्षी. म्हणजे जगात सगळ्यात वेगवान असूनही ऑलिंपिकमध्ये ती शर्यत पोहण्यासाठी तिला आठ वर्षं वाट बघावी लागली.

"मुली सोळाव्या वर्षी संपतात" हा समज मात्र हवेतून आलेला नाही. ऑस्ट्रेलियाच्या शेन गूल्डनं १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये पंधराव्या वर्षी वैयक्तिक पाच पदकं घेतली, त्यातली तीन सुवर्ण. १०० पासून १५०० मीटरपर्यंत फ्रीस्टाइलचे सगळे विश्वविक्रम एका वेळी तिच्या नावावर होते. आणि सोळाव्या वर्षी तिनं स्पर्धा सोडल्या. त्या काळी नियम हौशी खेळाडूंचे, पोहण्यातून पैसा मिळवायची सोय नाही, शाळा संपली की मुलीनं पोहायचं कुठं आणि कशासाठी? पण तिच्याच देशातली डॉन फ्रेझर १९५६, १९६० आणि १९६४ अशी तीन ऑलिंपिक लागोपाठ १०० मीटर फ्रीस्टाइल जिंकली होती आणि तिसऱ्या वेळी ती सत्तावीस वर्षांची होती. म्हणजे तेव्हाही मुलींचं शरीर संपत नव्हतं. खेळात टिकून राहायला जागा संपत होती.

अमेरिकेत ती जागा कॉलेजांनी दिली. १९७२ च्या कायद्यानंतर तिथल्या विद्यापीठांना खेळात मुलींनाही बरोबरीची संधी देणं भाग पडलं, शिष्यवृत्त्या आल्या, आणि अठरा ते बावीस या वयात पोहणाऱ्या मुलीला राहणं, खाणं, कोच आणि तलाव मिळायला लागला. लेडेकी स्टॅनफर्डला गेली ती याच वाटेनं. २०१८ मध्ये ती व्यावसायिक झाली आणि शिक्षणही पुरं केलं. तिची मेहनत मी कमी लेखत नाही, पण टायमिंग अडलं म्हणून तिला कुणी तलावाबाहेर काढलं नाही, हेही धरायला हवं.

आता तुमच्या मुलीकडे येते. तेराव्या वर्षी टायमिंग अडणं हा आळस नसतो. मुलींची उंची साधारण बाराव्या वर्षाच्या आसपास झपाट्यानं वाढून घेते. मग कंबर रुंदावते, शरीरातलं चरबीचं प्रमाण वाढतं, पाण्यातला तोल बदलतो. जुना स्ट्रोक, म्हणजे हात मारायची जुनी पद्धत, नव्या शरीराला बसत नाही. मुलांचं नेमकं याच वयात उलटं होतं. टेस्टोस्टेरॉनमुळे स्नायू भरतात, खांदे रुंदावतात आणि तंत्रात काही न शिकता त्यांची वेळ कमी होत जाते. अकराव्या वर्षी ज्या मुलाला ती सहज मागं टाकायची, तो चौदाव्या वर्षी तिच्याच लेनमध्ये तिच्या पायाला हात लावत पुढं जायला बघतो. कोणीही समजावून सांगितलेलं नसतं, त्यामुळे तिला वाटतं आपलंच काहीतरी चुकतंय. त्यात स्पर्धेच्या वयोगटांत ग्रुप दोनमधून मोठ्यांच्या ग्रुप एकमध्ये गेली की समोर दोन-तीन वर्षांनी मोठ्या मुली. काल जिल्ह्यात पहिली, आज फायनललाही नाही.

याच काळात पाळी सुरू होते आणि आपल्याकडे तो विषय कोचशी बोलायचाच नसतो. आई परस्पर चिठ्ठी देते, "पोट दुखतंय". दर महिन्याला चार-पाच दिवस सराव बुडाला की वर्षाचं किती होतं याचा हिशोब तुम्हीच करा. टॅम्पॉन किंवा मेन्स्ट्रुअल कप वापरून पाण्यात उतरता येतं. तिला नको वाटलं तर जबरदस्ती करू नका, त्या दिवसांत जमिनीवरचा व्यायाम चालतो. मात्र तलावावर यायचंच नाही हा नियम घरात असेल तर तो मोडा. रक्त तपासून घ्या, हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) दोन्ही. लोह कमी असलेली मुलगी कितीही सराव करू दे, दम लवकर लागणारच. आणि सुरू झालेली पाळी सरावाच्या ताणात बंद झाली तर "बरं झालं, कटकट गेली" म्हणू नका. जेवढं जळतंय तेवढं पोटात जात नाहीये याची ती खूण असते, आणि पुढं हाडं त्याची किंमत मोजतात. डॉक्टरांकडे जायलाच हवं.

खाण्यावरून आठवलं. आपल्या गावात पैलवान पोराच्या खुराकाला कुणी नाक मुरडत नाही. गंगावेशच्या दूध कट्ट्यावर समोर पिळलेलं म्हशीचं दूध, बदामाची थंडाई, रविवारी मटण, सगळं घर त्याच्यामागं. त्याच घरातली बहीण पहाटे दोन तास पोहून आली की तिला सांगतात, भात कमी खा, अंगानं सुटशील. एका सरांना तर (नाव घेत नाही) मुलींना सगळ्यांसमोर काट्यावर उभं करताना मी बघितलंय. त्यातल्या किती मुली पुढच्या वर्षी दिसल्या नाहीत, विचारू नका.

मला सगळ्यात जास्त राग येतो तो इथं. धीर धरून थांबायचं कसं हे कोल्हापूरला माहीत नाही असं नाही. तालमीत वस्ताद पोराला विशीपर्यंत तयार करतो, पंचविशीपर्यंत वाट बघतो, खासबागेच्या कुस्ती मैदानात तीनदा चितपट झाला तरी "अजून कच्चा आहे" म्हणून परत मातीत उतरवतो. मुलींच्या बाबतीतही उदाहरण घरचंच आहे. कोल्हापूरची तेजस्विनी सावंत नेमबाजीत जागतिक विजेती झाली २०१० मध्ये, वयाची तिशी गाठताना, आणि ऑलिंपिकला पहिल्यांदा उतरली टोकियोत, चाळिशीत. नेमबाजीत शरीराचं गणित वेगळं असतं, मान्य. पण थांबलं कुणीतरी, म्हणूनच ते झालं. पोहणाऱ्या पोरीला मात्र पंधरापर्यंतसुद्धा मुदत नाही.

कारण आपल्याकडे पोहण्याचं वेळापत्रक प्रमाणपत्रावर चालतं. राज्य पातळीचं प्रमाणपत्र, दहावीला सवलतीचे गुण, पुढं सरकारी नोकरीत पाच टक्के खेळाडू आरक्षण. मी याला नावं ठेवत नाही. मध्यमवर्गीय घरात एवढ्या आशेवरच फी भरली जाते. पण गुण एकदा पदरात पडले की पोहण्याचं काम झालं असं घर धरून चालतं, आणि मुलगीही.

कोल्हापुरात राहून किती जमेल, असंही तुम्ही विचारलंय. रंकाळ्याजवळच्या अंबाई टँकला किंवा गावातल्या दुसऱ्या तलावावर पाया चांगला घडतो, त्यात शंका नाही. अडचणी तुम्हाला माहीत आहेतच. थंडीत पाणी गार, पावसाळ्यात खंड. २०१९ आणि २०२१ च्या पुरात गावाला प्यायच्या पाण्याची मारामार, तिथं पोहण्याच्या तलावाचं कोण बघतंय? आणखी एक गोष्ट पालकांच्या लक्षात येत नाही. २५ मीटरच्या तलावात टर्न (भिंतीपाशी वळणं) दुपटीहून जास्त असतात आणि प्रत्येक टर्नला भिंतीचा धक्का मिळतो, म्हणून वेळ चांगली दिसते. पुण्यात बालेवाडीला ५० मीटरच्या तलावात उतरल्यावर तीच मुलगी मागं पडल्यासारखी वाटते. दोन तलावांची टायमिंग एका वहीत शेजारी शेजारी लिहून भांडू नका.

वरची पातळी गाठायची तर कधीतरी बाहेर जावं लागतं. आपला कोल्हापूरचा जलतरणपटू वीरधवल खाडे बंगळूरला कोच निहार अमीन यांच्याकडे गेला, बीजिंग २००८ ऑलिंपिक पोहला, २०१० च्या आशियाई स्पर्धेत ५० मीटर बटरफ्लायला कांस्य आणलं. मग तहसीलदार झाला आणि नोकरीत सराव सुटला. तरी परत आला आणि २०१८ च्या आशियाई स्पर्धेत ५० मीटर फ्रीस्टाइलचं कांस्य ०.०१ सेकंदानं हुकलं. मुलीच्या बाजूनं बघायचं तर त्याची बायको ऋजुता खाडे बघा. २०२३ च्या गोव्यातल्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत ५० मीटर फ्रीस्टाइलला नवरा-बायको दोघांनी एकाच दिवशी सुवर्ण घेतलं. लग्नानंतर पोहणाऱ्या बाईचं उदाहरण कुणी मागितलं की मी हे पुढं करते. दिल्लीची रिचा मिश्रा तिशी ओलांडून राष्ट्रीय पदकं घेत राहिली. अहमदाबादची माना पटेल दुखापतीतून परत येऊन टोकियो ऑलिंपिकला पोहली.

यातलं लेडेकीसारखं कुणी नाही, आणि तुमची मुलगीही बहुधा होणार नाही. हे मी तोंडावर सांगते, कारण ऑलिंपिकचं स्वप्न दाखवून वर्षाची फी आगाऊ घेणारेही भेटतील तुम्हाला. पण सतरा-अठराव्या वर्षी ती आजच्यापेक्षा खूप चांगली जलतरणपटू असण्याची शक्यता पुष्कळ आहे. फक्त तोपर्यंत ती पाण्यात असायला हवी.

दहावीच्या वर्षात सराव बंद न करता कमी करा. आठवड्याला तीन-चार सकाळी पुरेत. पाण्याचा अंदाज गेला की तो परत यायला फार वेळ लागतो. या वर्षभरात सरांना टायमिंगऐवजी एका लॅपला (तलावाच्या एका लांबीला) किती स्ट्रोक लागतात ते मोजायला सांगा. तेवढ्याच वेळेत स्ट्रोक कमी होत असतील तर ती सुधारतेय, घड्याळ नंतर दाखवेल. खांदा दुखतो म्हणाली तर मलम लावून परत पाण्यात ढकलू नका, दाखवून घ्या.

तिचा मुख्य प्रकार कोणता ते तुम्ही लिहिलेलं नाही. फक्त ५० आणि १०० मीटरच पोहत असेल तर या वर्षी एकदा तिला ४०० ला उतरवून बघा. लहानपणी उंच म्हणून स्प्रिंटला (कमी अंतराच्या शर्यतींना) टाकलेल्या बऱ्याच मुली खरं तर लांब पल्ल्याच्या निघतात. तिच्या वेळा कमेंटमध्ये टाका, कोणत्या तलावातल्या ते सांगायला विसरू नका, म्हणजे पुढचं सांगते.