गोठवलेल्या भाड्याची किंमत कोण मोजते?

प्रश्न : गिरगावात माझ्या आजोबांनी 1938 साली बांधलेली तीन मजली चाळ आहे. बिऱ्हाडे अठरा, आणि एकाही खोलीचे भाडे महिना दोनशे रुपयांवर नाही. यंदा मागच्या जिन्याच्या फळ्या कुजून दोन पायऱ्या निखळल्या. दुरुस्तीचा अंदाज दोन लाखांच्या वर गेला, म्हणजे वर्षाच्या सगळ्या भाड्याच्या चौपटीहून अधिक. भाडेकरू आम्हाला दोष देतात. भाडे नियंत्रणाने नेमके कोणाचे भले झाले?
— एक वाचक, मुंबई

उत्तर : मुंबईचा 1947 चा भाडे नियंत्रण कायदा आला तेव्हा त्याची गरज होती, हे आधी मान्य केले पाहिजे. महायुद्धानंतरची टंचाई आणि फाळणीनंतर आलेले निर्वासितांचे लोंढे अशा काळात भाडेकरूला रस्त्यावर येण्यापासून वाचवणे हे सरकारचे कर्तव्यच होते. चूक झाली ती पुढे. 1 सप्टेंबर 1940 रोजी असलेले भाडे हाच आधार धरून तात्पुरता उपाय पन्नास वर्षे चालू ठेवला गेला.

भाडे गोठले, तरी जागेची किंमत गोठत नाही. ती पागडीच्या रूपाने बाहेर आली. पागडी घेणे त्या कायद्याने गुन्हा होता, तरीही खोली हातबदल होताना नवा भाडेकरू रोख रक्कम मोजत असे आणि त्यातला हिस्सा मालकाकडे जाई. ज्याच्याजवळ अशी रक्कम नव्हती, त्या नव्याने आलेल्या कामगाराला स्वस्त भाड्याचा काहीच उपयोग झाला नाही. संरक्षण आत असलेल्यांना मिळाले. बाहेरच्यांच्या वाट्याला झोपडी किंवा दूरच्या उपनगरातून रोजचा लोकल प्रवास आला.

त्यातच 1973 च्या दुरुस्तीने 1 फेब्रुवारी 1973 रोजी ताब्यात असलेल्या परवानाधारकांनाही, म्हणजे भाडेकरार न करता केवळ वापराच्या परवानगीवर राहणाऱ्यांनाही, भाडेकरूचा दर्जा दिला. दिलेली जागा परत मिळेल हा मालकांचा विश्वास त्यामुळे डळमळला, आणि भाड्याने देण्यासाठी घर बांधणे हा शहाण्या माणसाचा व्यवसाय उरला नाही. माझ्या मते नियंत्रणाची ही सर्वांत मोठी किंमत आहे, कारण न बांधलेली घरे कोणत्याच हिशेबात दिसत नाहीत.

पडझड वाढल्यावर सरकारने 1969 मध्ये दुरुस्ती मंडळाचा कायदा करून जुन्या इमारतींवर दुरुस्तीसाठी उपकर लावला. म्हणजे एका हस्तक्षेपाचे दुष्परिणाम निस्तरण्यासाठी दुसरा. सर्वोच्च न्यायालयाने 1997 मध्ये गोठवलेल्या भाड्याच्या तरतुदी काळाच्या ओघात अवाजवी ठरल्याचे म्हटले. 1999 च्या कायद्याने पागडीला मान्यता दिली आणि वर्षाला चार टक्के वाढ दिली. परंतु शंभर रुपयांवर चार रुपये वाढून जिना उभा राहत नाही.

आपले भाडेकरू दोषी आहेत असे मात्र मी म्हणणार नाही. निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या वृद्धाला एकाएकी बाजारभाव लावणे अन्यायाचे ठरेल. भाडे टप्प्याटप्प्याने वाढवावे आणि ज्यांना ते खरोखर पेलणार नाही त्यांचा फरक सरकारी तिजोरीतून द्यावा, कारण समाजाने स्वीकारलेली जबाबदारी एकट्या घरमालकावर टाकणे न्याय्य नाही.

जिन्याचे काम धोरणाची वाट पाहत थांबवू नका. चाळ उपकरप्राप्त, म्हणजे हा उपकर लागू असलेली असेल, तर रहिवाशांच्या सह्या घेऊन पावसाळ्यापूर्वीच म्हाडाच्या दुरुस्ती मंडळाकडे अर्ज द्या.